अकरा वाजता वाढलेलं ताट

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी शिलाई मशीनवर बसले होते. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. शेवग्याखाली कुणीतरी आहे असं वाटलं म्हणून मान वर केली, तर पन्नाशीचा एक माणूस फाटकाबाहेर उभा होता. त्यानं हाक मारली नव्हती, फाटकही वाजवलं नव्हतं. अंगात नवा पांढरा शर्ट, दुकानातल्या घडीच्या रेघा अजून तशाच. पायात चप्पल नव्हती.

मी उठायच्या आत सासूबाई बाहेर गेल्या. मी त्यांना आईच म्हणते. त्यांनी त्याच्याकडं नीट पाहिलं, घरात आल्या आणि तांब्या भरून नेला. तो पाणी प्यायला, तांब्या खांबावर ठेवला, आणि रस्त्याला न लागता घराला वळसा घालून मागच्या उसात शिरला. पानं थोडा वेळ हलत राहिली.

"कोण होतं?" मी विचारलं.

"हितलाच हाय," आई म्हणाल्या. "लई दिवसांनी आलाय."

आमचं घर लासुर्ण्याच्या बाहेर, रस्त्याला लागून. वर पत्रा, मागं पाण्याचा हौद, हौदापलीकडं बैलगाडी जाईल एवढी वाट आणि त्यापुढं ऊस. लग्न होऊन मी नगरकडून इथं आले तेव्हा त्या उसाची मला धास्ती वाटायची. माझ्या माहेरी हरभरा आणि कांदा. लांबून येणारा माणूस कोण आहे ते तो पोचायच्या आधी कळतं. उसातून नुसती सळसळ येते. माणूस आहे, कुत्रं आहे की वारा, ते अगदी जवळ आल्यावर कळतं.

घरात आम्ही चौघं. माझे पती बारामतीला एका वर्कशॉपमध्ये कामाला, सकाळी सातला मोटारसायकल काढायची ती संध्याकाळी सातला परत. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची, सकाळची शाळा करून दहाला घरी येणारी. आणि आई. त्या सरकारी उपकेंद्रात नर्स होत्या. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची निम्मी तरणी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणतात. गावात ख्रिस्ती घरं दोन, त्यातलं एक कुलूपबंद. त्यामुळं आम्ही काय करतो याकडं गावाचं लक्ष असतं, आणि आईंना ते माहीत असतं.

आईंची एक सवय मला लग्नानंतर फार जड गेली. पहाटे उठून त्या शास्त्र वाचतात. तसं माझ्या माहेरीही वाचायचे. पण वाचून झाल्यावर चहाच्या वेळी त्या विचारायच्या, "मग आज ह्यातलं काय करायचं?" आमच्याकडं वचन पाठ करायचे, त्यावर गाणी म्हणायचे, वाढदिवसाला कार्डावर लिहून द्यायचे. करायचं काय, हे कुणी विचारत नव्हतं. ज्याच्याकडं दोन अंगरखे आहेत त्यानं एक द्यावा, असं आलं त्या दिवशी त्यांनी माझ्या पतींचा चांगला स्वेटर एका ऊसतोड कामगाराला देऊन टाकला. हे आठवडाभर कपाट उपसत होते.

त्या दुपारी शेजारचे तात्या आले. पायरीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"त्याला पाणी दिलं म्हनं, सिस्टरबाई."

"दिलं."

"वळखलं न्हाय व्हय?"

"वळखलं की."

तात्या मग माझ्याकडं वळले. चौदा वर्षांपूर्वी या माणसानं बांधाच्या भांडणात आपल्या सख्ख्या चुलतभावाला कोयत्यानं तोडलं होतं. भर सकाळी, आमच्या मागच्याच शिवारात. मेलेल्याची बायको न्याहारी घेऊन येत होती. तिनं ते पाहिलं. हा पळून गेला नाही, पोलीस येईपर्यंत बांधावर बसून राहिला. मग पुण्याचा तुरुंग. दरम्यान याच्या बायकोनं मुलीला घेऊन सोलापूरकडचं माहेर धरलं, जमीन विकली गेली, घराची माळवदं खाली आली. आता सुटून आलाय आणि कालव्याच्या अंगाला त्याच्या पाणी उपसायच्या जुन्या मोटारीची पडकी खोली आहे, तिथं राहतोय.

"आन ती खोली कुठं हाय म्हाईत हाय का?" तात्या म्हणाले. "त्याच चुलतभावाच्या उसाच्या कडंला. दोन पोरं हायत त्याची. तरणीताठी झाल्यात. ती रोज सकाळी पाणी धराय जात्यात तवा ह्यो दारात बसल्याला असतो."

मी आईंकडं पाहिलं. त्या शेंगा निवडत होत्या.

"ती दोन्ही पोरं माझ्याच हातची," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विचारलंच. वाचलेला भाग मला ठाऊक होता: भुकेला, तहानलेला, उघडा, आजारी, तुरुंगात पडलेला, यांच्यासाठी जे केलं ते प्रभूसाठी केलं, आणि नाही केलं तेही त्यालाच नाही केलं.

"तुरुंगात जाऊन भेटा म्हणून सांगितलंय," आई म्हणाल्या. "आपण कधी गेलो न्हाय. आता तुरुंगच दारापर्यंत आलाय."

"घरात लहान पोर आहे, आई."

"मला म्हाईत हाय."

त्या दिवशी तो अकराला आला, आणि त्यानंतर रोज अकरालाच. दोन भाकरी, कालवण, कांदा. हौदाजवळच्या दगडावर बसून जेवायचा, ताट घासून पालथं घालायचा आणि जायचा. पहिला महिना त्याच्या तोंडून एक शब्द आला नाही. बोलणारा माणूस निदान कळतो. हा जेवताना एकदाही वर बघायचा नाही. पण मागच्या दारातून कुणी आलं-गेलं तर त्याचा घास थांबायचा.

मी त्याच्या ताटाच्या पाठीला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, वेगळं ओळखू यावं म्हणून. आईंनी दुसऱ्या दिवशी तो पाहिला. रागावल्या नाहीत. ब्लेडनं खरवडत म्हणाल्या, "माझ्या आईला ह्याच शिवारात वरून पाणी ओतायचे. ती वंजळ करून प्यायची. मी तिच्या लुगड्याला धरून उभी असायची." ठिपका निघाला, ताट आमच्या ताटांत गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी मुलीला वाढताना ताट उलटं करून बघत होते. खरवडलेली जागा बोटाला लागते का म्हणून.

महिन्याभरानं त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. मुलगी मागच्या पायरीवर पाटी घेऊन बसली होती. मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून आवाज आला.

"माजी बी एवढीच व्हती."

मी धावत बाहेर आले. तो जागेवरच बसला होता, घास हातात. मुलगी त्याच्याकडं बघत होती. मी तिला दंडाला धरून आत आणलं आणि कडी लावली. तेव्हापासून अकरा ते साडेअकरा मागचं दार बंद. आई मात्र बाहेर जाऊन त्याच्यासमोर दुसऱ्या दगडावर बसायला लागल्या.

त्याच सुमारास रस्त्यापलीकडं मोटारसायकल थांबायला लागली. त्या चुलतभावाची दोन्ही पोरं असायची. थोरला पुढं, धाकटा मागं. अकरा वाजता येणार, इंजिन बंद न करता उभे राहणार, तो जेवून उसात शिरला की निघणार. मी मशीनवर बसलेली असले तरी त्या इंजिनाचा आवाज मला मशीनच्या वर ऐकू यायचा. एक दिवस आई फाटकापर्यंत गेल्या आणि हाताने या म्हणाल्या. थोरल्यानं जोरात गाडी रेस केली आणि धाकट्यानं मान दुसरीकडं फिरवली.

मग माझं काम कमी झालं. लग्नसराई तोंडावर होती, तरी बायका शिवायला दिलेली कापडं परत न्यायला यायच्या. कुणी भांडलं नाही. "घरात अडचण हाय, मागनं बगू," म्हणायच्या आणि आत न येता जायच्या. बारामतीच्या चर्चमध्ये रविवारी मी पाळकांना सगळं सांगितलं. ते चांगले माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टरना सांगा, सावधपणाही शास्त्रातच शिकवलाय." सभेत आमच्यासाठी प्रार्थना झाली. घरी मात्र कुणी आलं नाही. आईंना मी पाळकांचा निरोप सांगितला. "असंल," म्हणाल्या. "पण सावधपणाचं काय करायचं ते वाचून मला कळत न्हाय. वाढायचं काय ते कळतं."

जानेवारीत एका सकाळी यांनी मला अंगणातून हाक मारली. शेवग्याच्या बुंध्यात कोयता रुतवलेला होता. चांगला चार बोटं आत. चिकाचा थेंब पात्यावरून खाली ओघळला होता. आमच्या मुलीच्या डोक्याच्या उंचीवर होता तो. मुद्दाम की सहज, कोण सांगणार.

यांनी दोन्ही हातांनी ओढून तो काढला. मग आईंसमोर उभे राहिले. माझे पती आईपुढं आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही.

"आई, त्याला सांग उद्यापासून येऊ नको."

"मी न्हाय सांगायची. तू सांग. तुझं बी घर हाय."

यांनी रजा टाकली. अकराला तो आला, तेव्हा हे स्वतः मागच्या दाराने बाहेर गेले. मी दाराआड उभी. तो नेहमीसारखा जेवला. यांनी दोनदा घसा खाकरला. त्यानं ताट घासलं, पालथं घातलं, आणि यांच्याकडं न बघता म्हणाला, "सायेब, वाटंवरच्या येड्या बाबळी लई वाढल्यात. पोरीच्या पायात काटा जाईल. कोयता दिला तर तोडतो."

हे आत आले आणि खुर्चीवर बसले. "नाही जमलं," म्हणाले. आमचा घरातला कोयता त्याला आईंनी नेऊन दिला. शेवग्यातला निराळा काढून पुसला आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला.

"हा परत दिला पाहिजे," त्या म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर."

मेलेल्या माणसाचं घर आमच्यापासून अर्ध्या मैलावर, उसाच्या पलीकडं. वाटेत आई एकदा थांबल्या. "चौदा वर्षं," म्हणाल्या, "मी हिच्या दारात आले न्हाय. तेव्हा ड्युटीवर होते, मग बदली झाली, मग राहूनच गेलं." माझ्याशी बोलत होत्या असं वाटलं नाही.

ती बाई ओट्यावर लसूण सोलत होती. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. आम्हाला पाहून उठली नाही. आईंनी गुंडाळी तिच्यासमोर ठेवली.

"कोयता आमच्या दारात राहिला व्हता."

तिनं कापड उलगडून बघितलं आणि पुन्हा झाकलं. मुलं घरात नव्हती. लसणाची टरफलं वाऱ्यानं ओट्यावर सरकत होती.

"तुमी माजी दोन्ही पोरं जगात आनली," ती शेवटी म्हणाली. "धाकट्याच्या येळंला दोन दिस बसला माज्यापाशी. आन त्यांच्या बापाला ज्यानं तोडलं त्याला तुमी रोज वाढता. वाढा. तुमचा द्येव सांगत असंल. पर चौदा वर्सांत मी जेवली का, हे तुमाला इचारावं वाटलं न्हाय?"

आईंच्या तोंडात वचनं कायम तयार असतात. त्या वेळी एकही आलं नाही. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. औषध चुकीचं दिलंय हे उशिरा कळलेल्या नर्सचा असावा तसा.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"व्हय, चुकलं."

तिनं आम्हाला पाणी विचारलं नाही. आई खाली बसल्या आणि तिच्या पुढ्यातला एक गड्डा उचलून सोलायला लागल्या. तिनं थांबवलं नाही. मी दारात उभी राहिले. पाव किलो लसूण सोलून झाल्यावर आम्ही परत आलो.

त्या दिवसापासून आईंचा नेम ठरला. अकराला तो इकडं जेवायचा आणि चारला आई तिच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. ती शब्दही बोलायची नाही. मोटारसायकल तरी यायचीच. फक्त आता थोरला एकटा यायचा, आणि इंजिन बंद करून बसायचा. ते मला जास्त वाईट वाटायचं.

फेब्रुवारीच्या अखेरीस आजूबाजूचे ऊस तुटायला लागले. एकेक रान मोकळं व्हायचं आणि आमच्यामागचा तेवढा उभा राहायचा, वाळून खडखडीत. कारखान्याकडून तोड मिळत नाही म्हणून लोक चिडलेले. जळालेल्या उसाला तोड लवकर मिळते, त्यामुळं आपलाच ऊस आपण पेटवणं इकडं नवं नाही. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं.

त्या दिवशी आई चारला गेल्या होत्या. मुलगी झोपली होती. मी मागच्या खिडकीशी हेम घालत होते, उजेड तिथं चांगला येतो म्हणून. त्याचं जेवण अकरालाच झालं होतं. नंतर तो बाभळी तोडत राहिला आणि कोयता घेऊनच खोलीकडं गेला होता. गाडीवाटेवर मला धाकटा दिसला. चालत होता, गाडी नव्हती. उसाकडं न बघता, भरभर, हात खिशात. मी पुन्हा सुईकडं बघितलं. चार टाके घातले असतील. मग तो आवाज आला. पावसाची सर पत्र्यावर यावी तसा. पण आकाश कोरडं होतं.

धूर आधी पांढरा होता, मग काळा झाला. वारा आमच्याकडं होता. ऊस पेटतो तेव्हा ज्वाळा चालत येत नाहीत, उडी मारतात. मी मुलीला उचललं, पुढच्या दाराकडं निघाले, आणि मागं बघितलं तर वाटेपलीकडून तो बाहेर पडला. शर्टाची एक बाही पेटलेली. डोळे उघडत नव्हते. हातात कोयता. तो सरळ आमच्या दाराकडं धावत येत होता.

मी मागचं दार लावलं. वरची कडी घातली, खालची घातली.

तो दारापर्यंत आला. त्यानं दारावर थाप मारली नाही. "ताई," म्हणाला, एकदाच. मी मुलीचं तोंड छातीशी दाबून धरलं आणि उत्तर दिलं नाही. बाहेर काहीतरी लोखंडाचं खाली पडल्याचा आवाज झाला, मग पाणी डचमळल्याचा.

आग वाटेपाशी थांबली. त्यानं दुपारीच तिथल्या बाभळी साफ केल्या होत्या, नाहीतर तीही जागा पेटली असती. हे मला नंतर तात्यांनी सांगितलं, मी विचारलं नसताना.

आई आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. त्यांच्यामागं ती बाईही होती. तिचाच ऊस जळत होता. तो हौदात अर्धा बुडालेला, उजवा हात पाण्याबाहेर. हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत मोज्यासारखी सरकली होती. आईंनी माझ्याकडं पाहिलं, मग बंद दाराकडं पाहिलं. मी तोवर पुढच्या दाराने वळसा घालून आले होते, मूल कडेवर. त्यांनी मला धुतलेल्या चादरी आणायला सांगितल्या.

ती बाई हौदापाशी उभी राहिली. चौदा वर्षांनी त्याला इतक्या जवळून पाहत होती.

"जगंल का?" तिनं आईंना विचारलं.

"जगंल."

तिनं पदर तोंडाला लावला आणि जळक्या रानाच्या कडेनं निघून गेली. तिला कोणतं उत्तर हवं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात तो महिनाभर होता. मी आणि आई आलटून पालटून डबा न्यायचो. दुसऱ्याच दिवशी, आम्ही दोघी तिथं असताना, हवालदार जबाब घ्यायला आले. त्यानं सांगितलं, "माज्याच हातनं पेटलं. च्या करत व्हतो." त्या खोलीत चूल नव्हती. पातेलं नव्हतं. हे आईंना माहीत होतं आणि मलाही.

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही घरी होता ना? काही दिसलं?"

कॉटवरून तो माझ्याकडं बघत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ.

"मी शिवत होते," मी म्हणाले. "धूर दिसला तेव्हा उठले."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. परतीच्या एसटीत मी आईंना धाकट्याचं सांगितलं, आणि दाराचंही सांगितलं, जरी त्यांनी ते पाहिलं होतं.  होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, असं बोलायचं त्यांनी मला कितीदा शिकवलंय. आमचा फाटा आला तेव्हा म्हणाल्या, "त्यानं खोटं सांगून त्या पोराला सोडवलं. तू खरं सांगून सोडवलंस. ह्यात प्रभूला काय आवडलं असंल, मला न्हाय कळत." प्रभूच्या मनातलं कळत नाही असं एवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदा म्हणाल्या. मला त्या आगीपेक्षा त्या बोलण्याची जास्त भीती वाटली.

दवाखान्यातून सुटल्यावर तो आमच्याकडं आला नाही. आईंच्या ओळखीचं एक कुटुंब सुप्याजवळ कऱ्हाटीकडं आहे, थोडी शेती, थोडी मेंढरं. त्यांनी त्याला राखणीला ठेवला. माळरान आहे तिकडं, ऊस नाही. श्रावणात आम्ही दोघी त्याला भेटायला गेलो. हात वाळल्या शेंगेसारखा आखडलेला, बोटं मिटत नव्हती. आई त्या घरच्या म्हातारीचा रक्तदाब बघायला आत गेल्या, तेव्हा मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"मी दार लावलं होतं," मी म्हणाले.

"व्हय."

"तुम्ही हाक मारली ती ऐकली होती मी."

तो मेंढरांकडं बघत होता. "बरं केलं," म्हणाला. "पोरगी आत व्हती. मी बी लावलं असतं."

माफी मागायची म्हणून गेले होते. मिळाली, तर ती कुठं ठेवावी कळेना. त्यानं मनापासून म्हटलं होतं. पण त्याचा अर्थ असा होता की माझ्या जागी तो असता तर त्यानंही स्वतःला बाहेरच ठेवलं असतं.

गेल्या महिन्यात थोरला आमच्या फाटकात आला. धाकटा आगीनंतर आठच दिवसांत पुण्याला कामाला गेला, तो सणालाही आलेला नाही. थोरला आत आला नाही. गाडीवर बसूनच म्हणाला, "ताई, त्यो कुठं असतो आता?"

"माहीत नाही," मी म्हणाले. किती सहज आलं तोंडात.

घरातून आई बाहेर आल्या. "म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "पर सांगनार न्हाय."

तो त्यांच्याकडं बघत राहिला. ज्या हातांनी त्याला पहिल्यांदा धरलं होतं ते हात कणकेनं भरलेले होते.

"सांगू नका," तो म्हणाला. "गाव केवढं असतंय. कुणीतरी सांगंल."

"तू जेवलास का?"

तो गाडी वळवून गेला.

काल चारला मी आईंबरोबर त्या बाईच्या ओट्यावर गेले. आईंचे गुडघे आता दुखतात, एकटीनं अर्धा मैल जमत नाही. आगीच्या दिवशीचा तो एक प्रश्न सोडला तर आठ महिने ती बाई आईंशी बोललेली नाही. आम्ही शेजारी बसून घेवडा मोडत होतो. मधेच तिचे हात थांबले.

"थोरला रोज मोटरसायकल घिऊन जातोय सांगवीकडं, सुप्याकडं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "इचारत फिरतोय. मला आवरत न्हाय त्यो. बापासारखा हाय. तुमीच कायतरी बगा, सिस्टरबाई."

आईंनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही. आत भिंतीला खुंटीवर दोन कोयते होते, तिसरी खुंटी रिकामी होती. थोरला घरी नव्हता. आम्ही घेवडा मोडून संपवला आणि उजेड असेपर्यंत घरी पोचावं म्हणून निघालो. वाटेत आई एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं कऱ्हाटीला जायचं. तू येशील का?"

मी हो म्हणाले.